लीलाताईंच्या गुडघ्यांची नोंद

गोपाळकृष्ण चांदोरकर आपल्या कामाचे नाव सांगतात, तेव्हा समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" बत्तीस वर्षे हा प्रश्न ऐकून त्यांनी त्याचे उत्तर ठरवून ठेवले आहे. डॉक्टर केसपेपरवर जे निदान लिहितात, त्या प्रत्येकाला एक ठरलेला सांकेतिक क्रमांक असतो. तो जगात कोठेही वाचला तरी तोच आजार कळावा, अशी त्यामागची व्यवस्था आहे. तो क्रमांक शोधून कागदावर घालणे आणि कागद जागेवर ठेवणे, एवढेच त्यांचे काम. एवढे सांगून झाले की ते थांबतात. ऐकणाऱ्याला याहून अधिक नको असते, हेही त्यांना बत्तीस वर्षांत कळलेले आहे.

ग्वाल्हेरातील एका धर्मादाय इस्पितळाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, त्यांची अभिलेख कक्षाची खोली आहे. वय एकसष्ट. निवृत्तीनंतर व्यवस्थापनाने त्यांना पुन्हा तीन वर्षांसाठी ठेवून घेतले, कारण दुसरा माणूस मिळाला नाही. त्यांचे पूर्वज दरबारच्या दप्तरात होते. स्वतः गोपाळकृष्ण त्याचा उल्लेख करीत नाहीत, पण फायलींच्या पाठीवर वर्ष आणि अनुक्रम लिहिताना त्यांचे अक्षर जसे वळते, ते शाळेत शिकून येणारे नव्हे. सकाळी साडेनऊला ते थाटीपुरातून स्कूटरने निघतात, दहाला पाच कमी असताना कुलूप उघडतात आणि आधी कालच्या फायली मोजतात. पत्नी पद्माताई म्हणतात, "घरात चमचा हरवला तर महिना महिना पत्ता नसतो, आणि तिथे एक पान सरकलं तर यांना जेवण जात नाही." हे खरे आहे आणि गोपाळकृष्णांना त्यात काही गैर वाटत नाही.

त्यांच्या कामाचा एक नियम असा की नोंद करणाऱ्याने निदान करायचे नाही. डॉक्टरांनी 'गुडघेदुखी' लिहिले असेल तर गुडघेदुखीचाच क्रमांक घालायचा. शेजारी एक्स-रे ठेवलेला असला, त्यात सांधा झिजलेला एखाद्या लहान मुलालाही दिसत असला, तरी 'सांधा झिजला आहे' असे नोंद करणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचे नाही. वेदना हे लक्षण आणि झीज हा आजार. दोहोंचे क्रमांक निराळे. मात्र या नियमाला एक उत्तरार्धही आहे. कागदात विसंगती दिसली तर डॉक्टरांना लेखी विचारणा करायची आणि लेखी उत्तर घ्यायचे. लीलाताई सुर्वे यांच्या बाबतीत जे घडले, ते या उत्तरार्धामुळे घडले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, धुके अकरा वाजेपर्यंत उठत नाही अशा दिवसांत, लीलाताईंचा मुलगा समरजीत हातात एक पत्र घेऊन त्यांच्या खोलीत आला. तो सिटी सेंटरमधल्या एका बँकेत अधिकारी आहे. लीलाताई सरकारी शाळेत खेळ शिकवीत असत. निवृत्त शिक्षकांसाठीच्या आरोग्य योजनेतून त्यांच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज गेला होता.

"काका, हे पाहा. रिजेक्ट करून दिलं."

गोपाळकृष्णांनी चष्मा बदलला आणि योजनेच्या समितीचे पत्र दोनदा वाचले. अर्जात लक्षण नमूद आहे, निदान नाही. औषधांनी आराम असल्याचे डॉक्टर स्वतः लिहितात. मग शस्त्रक्रिया कशासाठी? दीर्घकाळ उपचार करूनही गुण न आल्याचा पुरावा नाही. फेरविचाराची संधी एकदाच, एकवीस दिवसांच्या आत. त्यानंतर पुढील दोन वर्षे त्याच कारणासाठी अर्ज घेतला जाणार नाही.

"लक्षण म्हणजे क्या? दोन्ही गुडघे खलास झालेत तिचे," समरजीत म्हणाला. "डॉक्टर साहेब म्हणाले, नंबर तुम्ही टाकला होता."

"हो. एम पंचवीस दशांश पाच सहा. गुडघ्यातील वेदना. मीच घातला."

"मग दुसरा टाका ना. घिसाईचा, सांधा झिजल्याचा. कम्प्युटरमध्ये दोन सेकंदांचं काम."

"घातलेला क्रमांक बदलता येत नाही, समरजीत. डॉक्टरांनी तेव्हा जे लिहिलं, त्याचाच तो आहे."

"तुम्ही तर आपलेच आहात, काका."

"म्हणूनच सांगतो आहे. परक्याला मी फक्त नाही म्हटलं असतं."

समरजीत रागावून गेला. जाताना दार लोटले नाही. गोपाळकृष्णांनी उठून लोटले आणि लीलाताईंची फाईल काढली.

सहा वर्षांचे कागद होते. सुरुवातीपासून डॉक्टर एकच, ध्रुव पिंगळे. हाडांचे तज्ज्ञ, वय अडतीस, महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत लहानपणी श्लोक म्हणून बक्षिसे घेणारा मुलगा. सहा वर्षांत अकरा भेटी आणि अकराही वेळा जवळजवळ एकच मजकूर: दोन्ही गुडघ्यांत अधूनमधून वेदना, औषधांनी आराम, रोजचे व्यवहार ठीक. शेवटच्या भेटीत तोच मजकूर, आणि त्याखाली, जणू दुसऱ्याच रुग्णाबद्दल लिहिल्याप्रमाणे: 'सांधेबदल शस्त्रक्रियेचा सल्ला.' एक्स-रेच्या अहवालात मात्र स्वच्छ लिहिले होते की दोन्ही सांध्यांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले आहे.

ही विसंगती त्यांनी अर्ज जाण्यापूर्वी पाहिली होती. पाहूनही विचारणा पाठवली नव्हती. याचे कारण फाईलमध्ये नव्हते, पण त्यांना पाठ होते. दोन वर्षांपूर्वी अशीच एक विचारणा घेऊन ते डॉ. ध्रुव यांच्याकडे गेले असता, चार परिचारिकांसमोर डॉक्टर हसत म्हणाले होते, "काका, आप तो मेरी कॉपी जाँचने आ जाते हो." त्या दिवसापासून इतर सर्व डॉक्टरांना विचारणा जात होत्या, डॉ. पिंगळ्यांना एकही गेली नव्हती. नियमाचा पूर्वार्ध त्यांनी काटेकोर पाळला होता आणि उत्तरार्ध मानापमानापायी सोडून दिला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांनी प्रथमच स्वतःशी कबूल केले, आणि कबूल केल्यावर जेवणाचा डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी छापील नमुन्यावर विचारणा लिहून ते स्वतः वर गेले.

"डॉक्टरसाहेब, ही अर्ज जाण्यापूर्वीच यायला हवी होती. माझी चूक झाली. त्या वेळी आपण कॉपी तपासण्याबद्दल बोललात, ते मी मनाला लावून घेतलं."

डॉ. ध्रुव यांनी आठवून पाहिले. "मी? कधी? काका, मला तर काही यादच नाही." मग कागद वाचून ते गंभीर झाले. "निदान लिहायला हवं होतं, ही चूक माझी. पण 'आराम आहे' हे मी मनाने नाही लिहिलं. काकू हेच सांगतात. परवा बोलावतो त्यांना. तुम्ही पण बसा."

परवा लीलाताई आल्या. वय सहासष्ट, ताठ मान, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, एका हातात छत्री. बाहेर पाऊस नव्हता. छत्री काठीऐवजी होती. दुसऱ्या हातात मोरेन्याच्या गजकेचा, तीळगुळाच्या त्या खुसखुशीत मिठाईचा, डबा. खुर्चीवर बसताना त्यांनी ओठ मिटले, एवढेच.

"ध्रुव, ही तुझ्यासाठी. आईला दे अर्धी. कशा आहेत सीमंतिनीबाई? भजनाला येत नाहीत हल्ली."

"बरी आहे आई. काकू, गुडघ्याचं सांगा. दर्द किती आहे?"

"अरे, माझं काय, चालूनच राहिलंय. वय झालं की थोडं व्हायचंच. तुझं काय म्हणून राहिले घरचे? लग्नाला पाच वर्षं झाली ना?"

"काकू, जिना चढता येतो?"

"येतो की."

"औषधाने आराम आहे?"

"तुझ्या हाताला गुण आहे बाळा."

डॉक्टरांनी गोपाळकृष्णांकडे पाहिले आणि पेन टेबलावर ठेवले. त्यांनी गुडघे तपासले, वाकवून पाहिले, निदान लिहिले: दोन्ही गुडघ्यांची प्राथमिक, म्हणजे इजा वा अन्य आजाराशिवाय आपोआप झालेली, झीज. निदानाचा प्रश्न त्यामुळे मिटला. परंतु समितीचे उरलेले दोन प्रश्न तसेच राहिले: त्रास किती, आणि उपचार करूनही तो टिकून आहे का? ते रुग्णाने सांगितल्याशिवाय लिहिता येत नव्हते, आणि रुग्ण डॉक्टरांच्या आईची चौकशी करीत होती.

नव्या एक्स-रेसाठी लीलाताईंना बाहेरच्या बाकावर बसवले. गोपाळकृष्ण त्यांची फाईल घेऊन खांबापाशी उभे होते. बाकावर भिंडकडची एक बाई बसली होती. तिचाही गुडघा बांधलेला होता. तिने सहज विचारले, "जिज्जी, तुम्हारौ कबसे है?"

आणि लीलाताई हिंदीत बोलू लागल्या.

"अरे मत पूछो बहन. चार साल से सीढ़ी उल्टी उतरती हूँ, दीवार पकड़के, जैसे बच्चे उतरते हैं. घर में कोई न हो तब. सवेरे बाथरूम तक जाने में दस मिनट. नीचे बैठे तो ज़माना हो गया."

"दवा?"

"टोपी बाज़ार में एक मेडिकल वाला है, वो दे देता है दर्द की गोली. रोज़ दो. तीन साल हो गए. बेटे को नहीं बताया, नहीं तो चिल्लाएगा."

गोपाळकृष्ण फाईल छातीशी धरून जागीच उभे राहिले. आत, अवघ्या दहा पावलांवर, जी बाई 'चालूनच राहिलंय' म्हणाली होती, तीच ही. त्यांना कारण समजायला वेळ लागला नाही, कारण ते स्वतः त्याच समाजात वाढले होते. या शहरात मराठी बोलणारी घरे मोजकी. मराठी डॉक्टरकडे जाणे म्हणजे ओळखीच्या घरी जाणे. ओळखीच्या घरी कोणी आपले रडगाणे गात नाही. गजक देतात, ख्यालीखुशाली विचारतात आणि उठतात. लीलाताई सहा वर्षे अकरा वेळा पिंगळ्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या. दवाखान्यात त्या एकदाही गेल्या नव्हत्या. आजार हा परक्याला सांगायचा विषय होता, आणि परक्याची भाषा हिंदी होती.

बाकावर ऐकलेले कागदावर घालण्याचा त्यांना अधिकार नव्हता. पण वाट दिसली होती. ते फिजिओथेरपी विभागात गेले. तेथे अंतरा तोमर नावाची मुलगी तीन महिन्यांपूर्वी रुजू झाली होती. मूळची अंबाहची, ग्वाल्हेरातल्या एकाही मराठी घराशी तिचा परिचय नव्हता.

"अंतराजी, एक मरीज़ का पूरा मूल्यांकन चाहिए. डॉक्टरसाहब की लिखित सिफ़ारिश लाता हूँ. बस एक विनती है. सब हिंदी में ही पूछिए, और मैं वहाँ नहीं रहूँगा."

"आप क्यों नहीं रहेंगे, सर?"

"मेरे सामने वे ठीक हो जाती हैं."

अंतरा हसली, पण काम तिने नेटके केले. दोन दिवसांनी पन्नास मिनिटे घेऊन तिने जे लिहिले, ते तीन पाने भरले: किती पावलांनंतर थांबावे लागते, पाय किती अंशांपर्यंत वाकतो, काय काय बंद झाले, कोणती गोळी किती दिवस. लीलाताईंनी शहराच्या लष्कर भागातल्या एका दुसऱ्या डॉक्टरकडून गुडघ्यात दोनदा इंजेक्शने घेतल्याचेही सांगितले आणि पिशवीतून चिठ्ठ्याही काढून दिल्या. 'आपल्या' डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून त्या आजवर दाखवल्या नव्हत्या. डॉ. ध्रुव यांनी ती पाने वाचली, पुन्हा तपासणी केली, प्रत्येक पानावर सही केली आणि पहिली गोष्ट केली ती गोळी बंद करण्याची. रक्ततपासणीत मूत्रपिंडावर ताण आलेला दिसला. सुदैवाने तो थांबवता येण्याजोगा होता.

आता क्रमांक घालता येत होता. एम सतरा दशांश शून्य: प्राथमिक झीज, दोन्ही गुडघे. जुन्या नोंदीला गोपाळकृष्णांनी हात लावला नाही. ती त्या दिवसाचे सत्य म्हणून राहिली, आणि तिच्याखाली आजच्या तारखेने नवी आली. मुदत संपायला चार दिवस होते. नियमानुसार अर्जदाराला कागद वाचून दाखवून सही घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी हा नियम फक्त सही घेऊन पुरा होतो. त्यांनी लीलाताईंना बोलावले आणि पहिले पान त्यांच्यापुढे ठेवले.

त्या वाचत गेल्या तसतसा त्यांचा चेहरा कठीण होत गेला.

"हे सगळं त्या मुलीने लिहून ठेवलं?"

"तिचं कामच ते, ताई."

"जिना उलटा उतरते. हे लिहिलं? गोपाळराव, तीस वर्षं मी पोरांना पळायला शिकवलंय या गावात. हा कागद कुठे कुठे जाणार?"

"समितीच्या तीन माणसांपुढे. आणि माझ्या कपाटात."

"आणि समर?"

"अर्जावर सोबतच्या नातेवाइकाचीही सही लागते."

लीलाताईंनी पान उलटे करून ठेवले. "मग राहू द्या. नाही पाठवायचं. चाललंय तसं चालेल."

गोपाळकृष्णांच्या मनात आले, की हिला सांगावे: दोन वर्षांनी तू चालणारच नाहीस. परंतु तेही निदानच झाले असते. ते म्हणाले, "तुमच्या परवानगीवाचून हे पान या खोलीबाहेर जाणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी तसं लिहून फाईल बंद करीन. पण ताई, यातलं एखादं वाक्य खोटं असेल तर दाखवा. मी अंतराकडून दुरुस्त करून आणतो."

लीलाताईंनी पान पुन्हा सुलटे केले आणि बराच वेळ वाचले. बोट एका ओळीवर थांबले, तेव्हा गोपाळकृष्णांनी पेन उघडले.

"दहा मिनिटं नाही," लीलाताई म्हणाल्या. "थंडीत पंधरा लागतात."

गोपाळकृष्णांनी पेन मिटले. "ते अंतरा लिहील. मी नाही."

"बोलवा तिला. आणि समर बाहेर उभा आहे, त्यालाही बोलवा. तुम्ही वाचा मोठ्याने. माझ्याने सांगवणार नाही."

समरजीत आला, अंतरा आली. अंतराने दहाचे पंधरा करून सही केली. गोपाळकृष्णांनी उभे राहून, बातमीपत्र वाचावे त्या आवाजात, तीन पाने वाचली. हिंदीतला मजकूर त्यांनी मराठीत सांगितला. रुग्ण जिना पाठमोरी उतरते. रुग्ण तीन वर्षे रोज दोन वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेते. रुग्ण चार वर्षांत जमिनीवर बसलेली नाही. लीलाताई खिडकीकडे पाहत होत्या.

"खाली झोपायला आलीस ते..." समरजीत म्हणाला. "तू म्हणालीस वर हवा लागते."

"लागते हवा."

"आई, हद्द करतेस तू. गोळ्या? रोज? मला एक बार तर बोलायचं!"

"बघा, चिल्लाया की नहीं," लीलाताई अंतराकडे वळून म्हणाल्या. अंतराने हसू दाबले. समरजीतने अर्जावर सही केली. ती करताना त्याचे अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले आणि चौकटीबाहेर गेले. गोपाळकृष्णांनी ते चालवून घेतले.

लिफाफा त्याच दिवशी दुपारी नोंदणी टपालाने रवाना झाला. सतरा दिवसांनी उत्तर आले. उजव्या गुडघ्याला मंजुरी. रक्ततपासणी समाधानकारक असल्यास शस्त्रक्रिया फेब्रुवारीत. डाव्याचा विचार सहा महिन्यांनंतर. समरजीतला ते अर्धेच वाटले आणि तो तसे बोलला. लीलाताईंनी पत्र हातात घेऊन विचारले, "उजवाच का आधी? डावा जास्त छळतो मला."

"हे त्या दिवशी अंतराला सांगितलंत?" गोपाळकृष्णांनी विचारले.

"तिने विचारलं नाही."

"डॉक्टरांना?"

लीलाताईंनी पत्राची घडी घालून ते समरजीतच्या हाती दिले. मग छत्री टेकून उठल्या. "ध्रुव वर बसलाय का?"

"बसले आहेत. रुग्ण पाहत आहेत."

"मग मीही नंबर लावते," त्या म्हणाल्या. त्या लिफ्टकडे निघाल्या, आणि समरजीत हात द्यायला पुढे झाला तेव्हा त्यांनी तो घेतला.